घाटात न्यायला सायकल देणारं उपवनच्या वाटेवरचं दुकान (चार स्टार, सविस्तर)

चार स्टार दिलेत. पाचवा कुठे गेला ते पुढे येईलच. आधी हे सांगते की ठाण्यात सायकल भाड्याने देणारे आता बरेच झालेत आणि त्यातले बहुतेक तलावपाळीला चकरा मारायला किंवा रविवारी येऊरच्या चढावर जाऊन फोटो काढून परत यायला ठीक आहेत, पण घाटात न्यायचीये म्हटलं की समोरचा लगेच गिअर मोजून दाखवायला लागतो, एकवीस आहेत मॅडम, सत्तावीस आहेत मॅडम. वर्तकनगरकडून उपवनला जाताना लागणाऱ्या या दुकानातल्या काकांनी गिअरचं नावही काढलं नाही. पहिला प्रश्न, "कुठला घाट?" आणि दुसरा, "उतरणार कुठून?"

हा दुसरा प्रश्न ज्याला सुचतो त्याच्याकडून सायकल घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. चढाला काय होतं, माणूस दमतो. दमलं की उतरायचं, थोडं ढकलायचं, पाणी प्यायचं, कोणी ओळखीचं बघत नाहीये ना ते बघून अजून थोडं ढकलायचं, त्यात जिवाला धोका काही नाही. उताराचं तसं नसतं. सह्याद्री देशाच्या बाजूने हळूहळू चढतो आणि कोकणाच्या बाजूला एकदम तुटतो, त्यामुळे पठारावर सायकल मारताना आपण समुद्रसपाटीपासून सातशे मीटर वर आहोत याचा पत्ताच नसतो आणि मग ती सगळी उंची थोड्याशा किलोमीटरमध्ये वळणावळणांनी खाली करायची असते. म्हणजे ती सगळी तुमच्या ब्रेकच्या पॅडमधून जाते. गिअर सत्तावीस असोत नाहीतर सत्तर, तिथे त्यांचा उपयोग शून्य.

तर सायकली. आम्ही तिघं होतो, मी, माझी मैत्रीण आणि माझा भाचा, तो इंजिनिअरिंगला आहे त्यामुळे त्याला सगळं आधीपासून माहीत असतं. काकांनी दिल्या त्या हार्डटेल एमटीबी, म्हणजे माउंटन बाईक, पुढे सस्पेन्शन आणि मागे काही नाही, चाकं २९ इंची, टायर सव्वादोन इंच रुंद. पुढे पेडलपाशी एकच चेनरिंग (दातेरी चकती) ३२ दात्यांची आणि मागच्या चाकाला ११ ते ४६ दात्यांच्या चकत्यांची कॅसेट, म्हणजे गिअर मोजायला कमीच पण सगळ्यात हलका गिअर असा की खडा चढ बसल्या बसल्या चढता येतो. वजन साधारण चौदा किलो, उचलून बघितली तेव्हा जड वाटली. ब्रेक दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क, म्हणजे केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे, त्यातही पुढची डिस्क १८० मिलिमीटरची आणि मागची १६०. भाचा म्हणाला ही मुद्दाम बदललेली दिसतेय, कंपनीकडून अशी येत नाही. काका म्हणाले, "हो, मीच बदलली, मोठी डिस्क लवकर तापत नाही." मागच्या वर्षी आम्ही ज्यांच्याकडून घेतलेल्या त्यांच्या सायकलींना केबलवाले डिस्क ब्रेक होते आणि कसाऱ्याच्या उतारावर बोटं इतकी दुखली की शेवटी थांबून थांबून आलो, त्यामुळे हा फरक मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आता पहिली तक्रार. छोट्या मापाची फ्रेम दुकानात एकच आहे. माझी उंची पाच फूट एक इंच, मैत्रीण माझ्यापेक्षा दोन बोटं कमीच, आणि एस साईज एकच, ती तिला दिली. मला मीडियम. सीट पूर्ण खाली घेतली, हँडलचा स्टेम आखूड लावून दिला, मेकॅनिकने स्वतःहून ब्रेकचे लिव्हर आत ओढून दिले म्हणजे बोटं पोचतील, सगळं केलं, तरी ती सायकल माझी नव्हती ती नव्हतीच. उभं राहिलं की टॉपट्यूब, म्हणजे फ्रेमचा वरचा दांडा, लागतो. बायका घाटात सायकल चालवतात आणि भाडंही तेवढंच देतात, मग सहा मीडियम, चार लार्ज आणि एस एक, हे काय गणित आहे? काकांना तोंडावर सांगितलंय, "बघतो ताई" म्हणालेत.

मेकॅनिक हा या दुकानाचा खरा माणूस आहे. मुरबाडकडचा आहे, पंचविशीचा असेल, बोलतो कमी. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सायकली घेतल्या तर याने तशाच दिल्या नाहीत, म्हणाला आधी येऊरच्या चढावर जाऊन या, मग घरी न्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, येऊरचा रस्ता उपवनपासून चढायला लागतो, दोन्ही बाजूला जंगल, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचाच ठाण्याकडचा भाग आहे तो, बिबटे आहेत, वर वारल्यांचे पाडे आहेत आणि शेवटी एअरफोर्सचं स्टेशन. डांबरी रस्त्यावरच राहायचं, आतल्या पायवाटा वनखात्याच्या परवानगीशिवाय नाहीत, आणि सायकल आहे म्हणून कोणी काही बोलणार नाही असं समजू नका. सरावाला ठाण्यात याच्याएवढी चांगली जागा नाही. नवी मुंबईवाल्यांना पारसिक हिल आहे. गायमुखच्या चढाला कृपा करून सरावासाठी जाऊ नका, घोडबंदर रोडचे कंटेनर तुमचा सराव बघायला थांबत नाहीत.

परत आलो तर याने तिघांच्याही डिस्कला हात जवळ नेऊन बघितलं (लावला नाही, लावला तर चटका बसतो) आणि भाच्याला म्हणाला, "तुम्ही ब्रेक धरूनच आलात ना पूर्ण." आला होता. मग त्याने शिकवलं ते इथे लिहिते कारण हे भाड्यात फुकट मिळतं आणि बाकी कुठे मिळत नाही. उतारावर ब्रेक हलका धरून ठेवायचा नाही. धरून ठेवला की पॅड आणि डिस्कला थंड व्हायला वेळच मिळत नाही, पॅडचा वरचा थर गुळगुळीत होतो आणि मग दाबलं तरी पकड लागत नाही. वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, दोन्ही ब्रेक नीट दाबून वेग पाडायचा आणि वळणात ब्रेक सोडायचे. पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटतो हे लहानपणी आपल्या सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं असतं, पण थांबवायची जास्त ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, फक्त तो झटक्यात दाबायचा नाही आणि दाबताना बूड सीटच्या मागे न्यायचं. नुसता मागचा दाबत राहिलात तर मागचं चाक घसरतं. हे सगळं त्याने पाच वाक्यात सांगितलं, मीच लांबवतेय.

हवेचंही तसंच. डांबरावर ४० पीएसआय, कच्च्या रस्त्याला २८ ते ३०, त्याच्या खाली नाही. आत ट्यूब आहे म्हणून, फार कमी हवेत दगडावर आपटलं की ट्यूब रिम आणि दगडाच्या मधे चेपून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. व्हॉल्व्ह मुद्दाम मोटरसायकलवाला ठेवलाय, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. पातळ व्हॉल्व्हची भारी सायकल घेऊन टोकावड्यात पंप शोधणाऱ्या लोकांना मी बघितलंय म्हणून मला हे विशेष वाटलं.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी एवढं लिहायला बसले. हे दुकान नुसती सायकल देत नाही, टेम्पोही देतं, आणि काकांनी आम्हाला जो प्लॅन सांगितला तो मला स्वतःला कधीच सुचला नसता. आमच्या डोक्यात होतं माळशेज वर चढून खाली उतरायचं. काका म्हणाले, "माळशेज कशाला चढताय, ट्रकच्या मागे धूर खात? नाणेघाट चालत चढा. टेम्पो तुम्हाला पायथ्याला वैशाखऱ्याला सोडेल आणि सायकली घेऊन माळशेजवरून वळसा मारून वर नाणेघाटाच्या माथ्यावर घाटघरला येईल. तिथून सायकलीने जुन्नर, मुक्काम, दुसऱ्या दिवशी गणेशखिंडीतून मढ आणि माळशेज उतरून परत टेम्पो." एक घाट पायाने चढायचा आणि दुसरा चाकाने उतरायचा. ऐकूनच भाच्याचे डोळे मोठे झाले.

यातली गंमत अशी की टेम्पोला वैशाखऱ्याहून घाटघरला जायला ऐंशी-नव्वद किलोमीटरचा फेरा पडतो, घाट चढा, मढ, जुन्नर, मग परत पश्चिमेला नाणेघाटापर्यंत. अडीच-तीन तास जातात. आणि माणूस पायवाटेने साधारण तेवढ्याच वेळात वर पोचतो. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही वाट काढली त्यांना रस्ता कुठून काढायचा ते बरोबर कळत होतं, एवढंच म्हणते.

नाणेघाटाबद्दल थोडं लिहिलंच पाहिजे. कल्याण आणि सोपाऱ्याला उतरलेला माल जुन्नर, पैठणकडे जायचा तो या वाटेने, सातवाहनांच्या काळात. हायवेवरून आत शिरलं की आधी बराच वेळ सपाट जंगल आहे, साग, ऐन, मधे ओढा, पावसाळा संपून महिना झाला होता तरी ओढ्याला पाणी होतं, आणि मग चढ सुरू होतो तो शेवटपर्यंत सोडत नाही. वाट मळलेली आहे, चुकायला फारसा वाव नाही. सावली चांगली आहे, दोन्ही बाजूंना कारवी दाट. या वेळी नुसती पानंच होती. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते, आमच्या येऊरला २०१६ ला फुलली होती आणि मग २०२४ ला, तेव्हा अख्खं ठाणं तिकडे लोटलं होतं. शेवटच्या टप्प्यात पायऱ्या, काही बांधलेल्या काही कोरलेल्या, आणि वर डाव्या-उजव्या कातळाच्या मधली ती बोळ. बोळीच्या अलीकडेच गुहा लागते. आत भिंतीवर ब्राह्मी लिपीतला नागनिका राणीचा लेख, केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दानांची यादी आहे त्यात, किती गाई, किती हत्ती, किती कार्षापण (त्या वेळची नाणी), आणि हे आकडे लिहिलेत म्हणून अंकांचा अभ्यास करणारे लोक पण इथे येतात. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते, आता फक्त पावलांच्या खुणा आणि वर त्यांची नावं राहिलीत. मैत्रीण बराच वेळ तिथेच बसली होती. मला खरं तर वरचा दगडी रांजण बघायचा असतो दर वेळी, त्यात जकातीची नाणी टाकायचे असं सांगतात, खरं खोटं ते देव जाणे पण टोलनाक्याची जागा म्हणून बघितलं तर पटतं, कारण दुसरीकडून पळून जायला वाटच नाही.

बुटांचं एक सांगते. काकांच्या दुकानात मागच्या फळीवर ट्रेकिंगच्या काठ्या भाड्याने आहेत, शंभर रुपये दिवस, त्या घेऊ नका, नाणेघाटाला काही गरज नाही. बुटांवर लक्ष द्या. सायकलसाठी म्हणून भाच्याने सपाट तळव्याचे महागडे शूज घेतले होते, पेडलवर छान बसतात पण ओल्या कातळावर आणि घसाऱ्यावर त्यांना पकड अजिबात नाही, आणि त्या पायऱ्यांवर तो जे काही करत होता त्याला नाच म्हणतात. मी आणि मैत्रीण दोघी आपल्या नेहमीच्या ॲक्शन ट्रेकिंगच्या बुटांवर, सह्याद्रीत फिरणाऱ्या निम्म्या लोकांच्या पायात तेच असतात आणि त्याला कारण आहे. पेडलवरही ते चालतात, थोडे रुंद पडतात इतकंच. चालणं आणि सायकल दोन्ही असेल तेव्हा चालायचे बूट घालून सायकल चालवावी, उलटं करू नये.

आता दुसरी तक्रार, आणि पाचवा स्टार इथे गेला. टेम्पो आला नाही. आम्ही वर दहाच्या आसपास पोचलो, टेम्पो साडेदहाला यायचा होता. अकरा वाजले. माथ्यावर रेंज येते आणि जाते, काकांना फोन लागला तर काका म्हणाले निघालाय, आलाच. साडेअकरा. शनिवार असल्याने गर्दी वाढत होती, माकडं आमच्या बॅगांवर डोळा ठेवून, आणि पठारावर सावली म्हणाल तर चहाच्या टपऱ्यांची. शेवटी बारा वाजता ड्रायव्हरदादा आले, हसत. जुन्नरला जेवायला थांबले होते. सकाळी सव्वादहाला कोण जेवतं? बरं थांबलात तर एक फोन करायचा. यामुळे झालं असं की सकाळच्या उन्हात जो रस्ता मजेत झाला असता तो आम्ही भर दुपारी केला. काकांनी नंतर टेम्पोच्या भाड्यातले पाचशे रुपये स्वतःहून कमी केले, वाद घालावा लागला नाही, ते मान्य. पण माळरानावर तीन माणसं वाट बघतायत हे ड्रायव्हरला निघतानाच कळेल अशी काहीतरी पद्धत त्यांनी लावायला हवी.

घाटघर ते जुन्नर तीसेक किलोमीटर आहे आणि हा रस्ता सायकलसाठी फार सुंदर आहे, दुपारी सुद्धा. जीवधन किल्ला मागे पडतो, मग चावंडचा समोर येतो आणि बराच वेळ समोरच राहतो, माणिकडोह धरणाचं पाणी डावी-उजवीकडे डोकावतं, भातं कापायला आलेली. रस्ता कुठे चांगला डांबरी, कुठे नुसती खडी, आणि तिथे ते सव्वादोन इंचाचे टायर आणि पुढचं सस्पेन्शन कामाला आलं, मनगटं शाबूत राहिली. सीट मात्र अतिशय वाईट. तिन्ही सायकलींना तीच कंपनीची आलेली कडक सीट, काकांनी डिस्क बदलली पण सीट नाही बदलली, बहुतेक उतारावर माणूस सीटवर बसत नाही असा त्यांचा हिशोब असावा. पॅडवाली शॉर्ट घाला, नाहीतर जुन्नरला उभ्याने जेवावं लागेल. चेन एकदाही सुटली नाही, गिअर कुठे अडकला नाही, पंक्चर नाही. मेकॅनिकने सोबत दिलेल्या पाऊचमध्ये एक ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, एलन पान्यांचा सेट, छोटा पंप आणि मागच्या गिअरचा हँगर होता. हँगर देणारं दुकान मी पहिल्यांदा बघितलं. सायकल उजव्या अंगावर पडली की सगळ्यात आधी वाकतो तो हाच छोटा तुकडा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, आणि तो वाकला की गिअर चाकात जायचा धोका, म्हणजे ट्रिप संपली.

एक सूचना काकांनी निघतानाच दिली होती, अंधाराच्या आत जुन्नरला पोचा. उगाच घाबरवायला नाही. जुन्नर तालुक्यात उसाच्या शेतांमध्ये बिबटे राहतात, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्रच आहे, आणि सायकलला आवाज नसतो, उंचीही कमी. संध्याकाळी उसाच्या कडेने एकट्याने सायकल मारणं ही शूरपणाची गोष्ट नाही. आम्ही चारपर्यंत पोचलो, त्यामुळे प्रश्न आला नाही.

जुन्नरच्या मुक्कामाबद्दल लिहीत नाही, लॉज साधा होता, त्याचा या दुकानाशी संबंध नाही. मासवडी खा एवढंच, ओतूर-जुन्नर पट्ट्यात मिळते तशी ठाण्यात कोणी करत नाही, आणि रस्सा झेपेल तेवढाच घ्या कारण सकाळी सायकल मारायचीये.

रविवारी सहाला निघालो. गणेशखिंडीचा चढ छोटा आहे पण पाय गार असताना जड जातो, इथे तो ४६ चा गिअर खरा वापरला. खिंडीतून पलीकडे उतरलं की मढ, मग नगर-कल्याण हायवे लागतो आणि पिंपळगाव जोगा धरणाच्या कडेकडेने खुबी फाट्यापर्यंत एकदम सपाट, उजवीकडे हरिश्चंद्रगडाचा डोंगर. इथे वारा समोरून आला आणि तिघांनी एकामागे एक लागून आळीपाळीने पुढे राहायचं असं ठरवलं, भाच्याची पाळी नेहमी लवकर संपायची.

माळशेज. एमटीडीसीच्या रिसॉर्टच्या पुढे रस्ता एकदम कड्याच्या पोटात शिरतो. आम्ही तिथे थांबून टायरला हात लावून बघितला, ब्रेक दाबून बघितले, दिवसा असूनही पुढचे-मागचे दोन्ही लाईट लावले, तेही दुकानाकडूनच मिळतात, चार्ज केलेले. मेकॅनिकचं सांगणं होतं की घाटात डाव्या कडेला अगदी चिकटून चालवायचं नाही, कडेला वरून पडलेली बारीक खडी असते आणि मागचा गाडीवाला आपल्याला जागा आहे समजून दामटतो, त्यापेक्षा जरा आत राहायचं, दिसायचं, आणि मागून मोठी गाडी आली की सरळ रस्त्यावर बाजूला होऊन जाऊ द्यायची, वळणावर नाही. आणि धुकं आलं तर थांबायचं, कितीही वेळ गेला तरी. आम्हाला धुकं मिळालं नाही. एसटी मिळाल्या, टेम्पो मिळाले, दरीकडच्या कठड्यावर गाडी लावून सेल्फी काढणारे मिळाले. मधे दोनदा थांबलो आणि डिस्क थंड होऊ दिल्या, गरज होती म्हणण्यापेक्षा मेकॅनिकची भीती होती. ब्रेक पहिल्या वळणाला जसे लागत होते तसेच खाली मोरोशीला लागत होते, लिव्हर सैल नाही, आवाज नाही. माझ्या बोटांना काही झालं नाही. मैत्रीण, जी उताराला इतकी घाबरते की मागच्या वेळी कसाऱ्याला अर्धा रस्ता चालत आली होती, ती यावेळी पूर्ण घाट सायकलवर बसून उतरली आणि भैरवगडाकडे बोट दाखवून "आता तो कधी?" म्हणून विचारत होती. दुकानाचं कौतुक यापेक्षा जास्त मला करता येणार नाही. टेम्पो मोरोशीला वेळेवर उभा होता, दादा झोपलेले.

अजून काही गोष्टी, ज्या वाचून तुम्हाला ठरवता येईल.

पावसाळ्यात हे लोक माळशेजसाठी सायकल देत नाहीत. जून ते सप्टेंबर नाहीच. दरडी कोसळतात, धबधब्यांची गर्दी, प्रशासन बऱ्याचदा बंदीचा आदेश काढतं, आणि पावसात चिखलमिश्रित पाण्याने ब्रेकचे साधे रेझिनचे पॅड काही दिवसांत संपतात. कोणी जास्त पैसे देतो म्हटलं तरी नाही, माझ्यासमोर एकाला परत पाठवलं. दुसरी एक पोरांची गँग आली होती, त्यांना खांडसवरून भीमाशंकरला सायकल न्यायची होती, कुठेतरी रील बघितलेलं. काकांनी विचारलं, "गणेश घाटाने की शिडी घाटाने?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. "शिडी घाटात शिड्या आहेत रे बाळांनो, म्हणून नाव शिडी घाट. खांद्यावर न्यायला मी सायकल भाड्याने देत नाही." मग त्यांना बसवून सांगितलं की चालत जा, शेकरू बघा, अभयारण्य आहे ते, आणि सायकलच चालवायची असेल तर कान्हे फाट्यावरून टाकव्याच्या बाजूने आंदर मावळात जा, ठोकरवाडी धरणाच्या कडेने कुसूरपर्यंत, आणि कुसूर घाट खाली भिवपुरीला पायी उतरा, सायकली टेम्पोत. म्हणजे परत तेच, चाकाचा रस्ता चाकाने आणि पायाचा पायाने. पोरं टेम्पोचा भाव ऐकून विचार करतो म्हणाली. माझ्या मते पोरांनी न्यावीच, अशी घाटवाट आणि सायकल जोडून देणारं दुसरं कोणी ठाण्यात मला तरी सापडलेलं नाही.

भाव: सायकल दिवसाला सहाशे, दोन दिवस घेतली तर हजार, शुक्रवारी संध्याकाळची पिकअप फुकट धरतात. डिपॉझिट प्रत्येकी तीन हजार आणि एक ओळखपत्राची कॉपी, मूळ ओळखपत्र मागत नाहीत, मागणाऱ्यांना देऊ पण नका. टेम्पो अंतरावर आहे, तो तिघांना महाग पडतो, पाच-सहा जण असाल तर परवडतो. पैसे वाचवायचे तर चालणाऱ्यांनी कल्याणहून एसटीने वैशाखऱ्याला उतरावं आणि टेम्पो फक्त सायकलींपुरता ठेवावा, गाडी तेवढीच लागते पण सकाळी तुमच्यासाठी थांबायचे पैसे लागत नाहीत. डिपॉझिट सोमवारी सायकल तपासून त्याच दिवशी परत आलं, एका पेडलला आलेल्या ओरखड्याचे पैसे कापले नाहीत.

हेल्मेट मिळतं पण सगळी एकाच मापाची आणि आतला स्पंज बऱ्याच डोक्यांचा घाम प्यायलेला, स्वतःचं न्या. ग्लोव्हज नाहीत, तेही स्वतःचे. एस साईजसाठी फोन करून आधीच सांगून ठेवा, आणि टेम्पो ठरवलात तर ड्रायव्हरचा नंबर काकांकडून मागून घ्या, त्याला घाटघरची वेळ स्वतः सांगा, आणि जेवून निघायला सांगा. मंगळवारी दुकान बंद असतं.